बालेवाडीचे सहा प्रशिक्षक

ऑगस्ट २०२५ च्या आरंभी खालिद जमील यांच्याकडे भारतीय फुटबॉल संघाची सूत्रे सोपविण्यात आली, तेव्हा देशातील फुटबॉलप्रेमी मंडळींत फार दिवसांनी उत्साह दिसून आला. गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी प्रथमच एक भारतीय प्रशिक्षक या पदावर येत होता, आणि तोही मुंबईच्या मैदानांवर खेळलेला. पहिल्याच स्पर्धेत संघाने ताजिकिस्तानला त्याच्या भूमीवर हरविले आणि पुढे ओमानला टायब्रेकरवर नमवून तिसरे स्थान मिळविले. त्याच स्पर्धेत इराणकडून झालेला पराभव आणि अफगाणिस्तानशी झालेली गोलशून्य बरोबरी या आनंदात कोणी फारशी मनावर घेतली नाही. पाच आठवडे उलटले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशानेही बावीस वर्षांनंतर भारतावर विजय मिळविला. प्रशिक्षक तेच होते, खेळाडूही बहुतांशी तेच. मग सप्टेंबरात जे बदलल्यासारखे वाटले, ते नेमके काय होते?

हा प्रश्न केवळ फुटबॉलचा नाही. कचेरीत नवा साहेब आला, शाळेला नवा मुख्याध्यापक मिळाला, आजारी कारखान्यावर नवा व्यवस्थापक नेमला गेला, म्हणजे माणसे तीच राहून काम सुधारेल ही अपेक्षा सर्वत्र असते. परंतु कचेरीच्या कामाचे गुण दर आठवड्याला वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. फुटबॉल संघाचे येतात. म्हणून या अपेक्षेची पारख करावयास फुटबॉलचे मैदान सोयीचे आहे. आणि पुणेकरांना त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत २०१४ ते २०१९ या काळात एक प्रयोगच होऊन गेला. प्रयोग करणाऱ्यांना तो प्रयोग आहे याची जाणीव नव्हती, इतकेच.

इंडियन सुपर लीगमध्ये खेळणाऱ्या एफसी पुणे सिटी या संघाने पाच हंगामांत सहा प्रशिक्षक पाहिले. मधल्या काळातील हंगामी व्यवस्था सांभाळणारे प्रद्युम्न रेड्डी त्यात धरलेले नाहीत. पहिले आले इटलीचे फ्रँको कोलोंबा. हाताशी विश्वविजेत्या फ्रेंच संघातील दाविद त्रेझेगे आणि युरोपविजेत्या ग्रीक संघातील कोस्तास कात्सुरानिस. आठ संघांत स्थान सहावे. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आले. १९९० च्या विश्वचषकात इंग्लंडकडून गाजलेला हा खेळाडू. आरंभ झकास झाला, पहिल्याच सामन्यात मुंबईवर ३-१ असा विजय मिळाला, आणि शहरात आता काही वेगळे घडणार अशी चर्चा सुरू झाली. अखेर स्थान सातवे. तिसऱ्या वर्षी स्पेनचे अंतोनियो लोपेझ हबास यांना आणण्यात आले. कोलकात्याच्या संघाला २०१४ चे पहिले विजेतेपद त्यांनीच मिळवून दिले होते, तेव्हा त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. पुण्याचे स्थान पुन्हा सहावे. इटालियन, इंग्रज आणि स्पॅनिश अशा तीन वेगवेगळ्या फुटबॉल परंपरांतून आलेल्या तीन माणसांना एकाच जागी बसवून पाहिले, आणि गुणतक्त्यातील जागा मात्र जिथल्या तिथे राहिली.

येथे हबास यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पुण्याहून गेल्यानंतर ते पुन्हा कोलकात्यास परतले आणि २०१९-२० च्या हंगामात त्यांनी तेथे दुसऱ्यांदा विजेतेपद मिळविले. म्हणजे कोलकात्यात यशस्वी, पुण्यात सामान्य, पुन्हा कोलकात्यात यशस्वी. यश प्रशिक्षकाच्या अंगचेच असते, तर ते त्याच्या पेटीतून पुण्यालाही यावयास हवे होते.

चौथ्या हंगामाने मात्र हे चित्र पालटले. २०१७-१८ मध्ये सर्बियाचे रान्को पोपोविच आले आणि पुणे दहा संघांत चौथे येऊन प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. पुण्यातील पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बंगळुरूला सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी ३-१ असा निकाल लागला. प्रशिक्षक चांगला मिळाला, खेळाडू सुधारले, असे म्हणून प्रकरण मिटविता आले असते. परंतु त्या वर्षी बदलले ते केवळ प्रशिक्षक नव्हते. आदल्या वर्षी दिल्लीकडून दहा गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान मिळविणारा मार्सेलिन्यो आणि ईशान्येच्या संघातील एमिलियानो अल्फारो हे दोघे पुण्यात आले होते, आणि संघाच्या गोलांचा मोठा वाटा याच दोघांचा होता. शिवाय स्पर्धाही बदलली होती. पूर्वी ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात आटोपणारा चौदा साखळी सामन्यांचा हंगाम आता नोव्हेंबर ते मार्च असा लांबला होता, सामने अठरा झाले होते, आणि मैदानावर उतरणाऱ्या परदेशी खेळाडूंची मर्यादा सहांवरून पाचांवर आल्यामुळे भारतीय खेळाडूंना जागा वाढली होती. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या असताना श्रेय एकाच गोष्टीस देणे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही खपू नये.

याची खातरजमा पाचव्या हंगामाने केली. मार्सेलिन्यो आणि अल्फारो संघात होते, पण पोपोविच गेले होते आणि त्यांच्या जागी आलेले मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना तीन सामन्यांनंतर निरोप देण्यात आला. तीन सामने! शाळेत उमेदवारीवर घेतलेल्या शिक्षकालाही एवढ्यात कोणी घरी पाठवीत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फिल ब्राऊन आले. हल सिटी या सामान्य संघाला २००८ मध्ये इंग्लंडच्या अव्वल साखळीत नेणारे हेच ते ब्राऊन. शेवटच्या टप्प्यात पुण्याचे निकाल खरोखरच सुधारले. संघ सातवा आला तरी प्रेक्षक काहीशा समाधानाने घरी गेले. २०१९ मध्ये क्लब बंद पडला, त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली, आणि ब्राऊन पुण्याच्या अनेक खेळाडूंसह तिकडे गेले. ज्या प्रशिक्षकाने हे खेळाडू सुधारले असे म्हटले जात होते, त्याच्याच हाताखाली त्यांतील अनेक जण पुढच्या वर्षी तळाच्या दहाव्या स्थानावर गेले, आणि जानेवारी २०२० मध्ये ब्राऊन यांना पद सोडावे लागले.

सुधारणा झाली आणि टिकली नाही, याचे एक साधे उत्तर संख्याशास्त्रात आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये असे दाखवून दिले की, अतिशय उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी ठेंगणी आणि अतिशय ठेंगण्या आईबापांची मुले थोडी उंच निघतात. जे मोजमाप कोणत्याही टोकाला गेलेले असते, ते पुढच्या वेळी सरासरीकडे परतण्याचाच संभव अधिक. पुण्यातील पालकांना याचा अनुभव दरवर्षी येतो, पण तो ओळखू येत नाही. मुलाला सहामाहीत नेहमीपेक्षा पुष्कळच कमी गुण पडतात. घरात गहजब होतो, क्लास बदलला जातो, वार्षिक परीक्षेत गुण वाढतात आणि नव्या क्लासची जाहिरात आपोआप होते. सहामाहीच्या दिवसांत मुलाला ताप होता किंवा नेमके न वाचलेले धडेच विचारले गेले होते, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. क्लास बदलला नसता तरी गुण वाढलेच असते. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात वैमानिकांच्या शिक्षकांचे असेच उदाहरण दिले आहे. विमान फार वाईट उतरविले म्हणून शिष्याला रागावले की पुढच्या वेळी तो बरे उतरवी, आणि फार चांगले उतरविले म्हणून शाबासकी दिली की पुढच्या वेळी बिघडवी. यावरून रागावणेच हिताचे असा निष्कर्ष त्या अनुभवी शिक्षकांनी काढला होता. वस्तुतः ते रागावले नसते तरी तेच घडले असते.

फुटबॉलचा प्रशिक्षक बहुधा केव्हा बदलला जातो? संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलेला असतो तेव्हा. चेंडू खांबाला लागून परत येत असतो, मुख्य बचावपटू जायबंदी असतो, पंचांचे दोन निर्णय विरुद्ध गेलेले असतात. अशा क्षणी नवा माणूस येतो आणि पुढचे चार सामने बरे जातात. हॉलंडमधील अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तेथील अव्वल साखळीतील १९८६ ते २००४ या काळातील सामन्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. पराभवांच्या मालिकेनंतर प्रशिक्षक बदललेले संघ आणि तशाच मालिकेनंतर न बदललेले संघ यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही प्रकारचे संघ जवळपास सारख्याच गतीने सावरलेले आढळले. इंग्लंडमधील लेस्टर सिटीची कथा पुष्कळांच्या स्मरणात असेल. २०१६ चे आश्चर्यकारक विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लाउदियो रानिएरी यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये काढण्यात आले. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याच खेळाडूंसह साखळीतील पहिले पाच सामने ओळीने जिंकले, आणि ऑक्टोबरात संघ पुन्हा तळाशी जाऊन शेक्सपिअर यांनाही जावे लागले. मराठीत याला ‘नव्याचे नऊ दिवस’ असा सुटसुटीत शब्दप्रयोग आहे.

तरीही मालक प्रशिक्षक का बदलतात? याचे उत्तर मानसशास्त्रापेक्षा जमाखर्चात सापडते. पंचवीस खेळाडूंचे करार मोडणे परवडत नाही. एका माणसाचा मोडणे परवडते. अमेरिकेत १९६४ मध्येच गॅमसन आणि स्कॉच या समाजशास्त्रज्ञांनी बेसबॉल संघांच्या व्यवस्थापकांविषयी लिहिताना, ही हकालपट्टी म्हणजे प्रेक्षकांच्या समाधानासाठी दिलेला बळी असतो, असे म्हटले होते. स्टीफन सिमान्स्की यांनी इंग्लंडमधील क्लबांचे हिशेब तपासले, तेव्हा दीर्घकाळाच्या सरासरीत संघांच्या स्थानांतील फरकाचा सुमारे नऊदशांश भाग केवळ खेळाडूंच्या पगारावरून सांगता येतो असे दिसले. उरलेल्या एकदशांशात प्रशिक्षक, दैव, पंच आणि पाऊस या सर्वांनी वाटणी करावयाची.

एवढ्यावरून प्रशिक्षक हा निरुपयोगी प्राणी आहे, असे मात्र ठरत नाही. तो एकदशांश भाग कोठे दडलेला असतो, हे पाहिले पाहिजे. खेळाडूची कामगिरी त्याच्या मगदुरापेक्षा कमी होते, त्याची कारणे दोन प्रकारची असतात. एक तर मगदूरच मुळात मानला त्याहून कमी असतो. तेथे कोणाचाच इलाज चालत नाही. अथवा मगदूर असतो, पण खेळाडू चुकीच्या जागी खेळत असतो, बाकावर बसून असतो, किंवा आपल्याला कोणी विचारीत नाही या भावनेने मिटलेला असतो. उपलब्ध साधने वाया जात असतील तेथे केवळ फेरवाटपाने उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्राचा सिद्धांत फुटबॉललाही लागू पडतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नेल सिंगला बचावफळीतून उचलून आघाडीवर खेळविले; अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. रहीम यांनी जर्नेलला नवे काही शिकविले नव्हते. त्याच्याजवळ जे होते, ते दुसरीकडे वापरले.

अलीकडच्या काळात गोव्याच्या लिस्टन कुलासोचे उदाहरण आहे. एफसी गोवा या घरच्या क्लबात त्याला मैदानावर फारशी संधी मिळत नव्हती. जानेवारी २०२० मध्ये तो हैदराबादला गेला, त्याच वर्षी तेथे स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले, आणि त्यांनी त्याला डाव्या बगलेवर सातत्याने खेळविले. मार्च २०२१ मध्ये तो भारताकडून खेळला आणि लवकरच मोठी रक्कम मोजून कोलकात्याने त्याला उचलले. पुण्यातून गेलेला निखिल पुजारी हा बगलेवरचा आघाडीपटू हैदराबादेत उजव्या बचावफळीत स्थिरावला. तळाला गेलेला हा संघ मार्केझ यांच्या पहिल्या वर्षी पाचवा आला आणि दुसऱ्या हंगामाअखेर, २० मार्च २०२२ रोजी, केरळला टायब्रेकरवर हरवून विजेता ठरला. अर्थात खेळाडूही बरेच बदलले होते. परंतु ज्यांना बदलले नाही, त्यांच्यापैकी काहींची किंमत निश्चितच वाढली होती.

खालिद जमील यांची कीर्तीही अशाच फेरवाटपातून झालेली आहे. २०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना दूर केले. ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. आदल्याच हंगामात या क्लबाची आय-लीगमधून घसरण झाली होती आणि गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. जमील यांनी जयेश राणे, आशुतोष मेहता यांसारखे मुंबईतील आपल्या ओळखीचे, मोठ्या क्लबांच्या हिशेबात नसलेले खेळाडू बरोबर नेले, आणि एप्रिल २०१७ मध्ये ऐझॉल भारताचा विजेता ठरला. भारतीय फुटबॉलमध्ये इतक्या थोड्या पैशांत इतके मोठे यश क्वचितच कोणी मिळविले असेल. पण पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालसारख्या धनवान आणि घायकुत्या क्लबाने त्यांना नेले, तेथे संघ चौथा आला आणि जमील यांना निघावे लागले. ऐझॉलला मुंबईहून नेलेल्या खेळाडूंना ते आधीपासून ओळखत होते; कोलकात्यात ओळख होईपर्यंत हंगाम संपला.

हा ओळखीचा, म्हणजे पर्यायाने वेळेचा, मुद्दा या साऱ्या चर्चेत फार थोडा बोलला जातो. त्याचा सर्वांत निखळ पुरावा २०२४-२५ या वर्षाने दिला. जुलै २०२४ मध्ये मार्केझ यांना भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले आणि त्याच वेळी एफसी गोव्याचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे राहिले. एक माणूस, एक हंगाम, दोन संघ. संदेश झिंगनसारखे काही खेळाडूही दोन्हीकडे. गोव्याचा संघ साखळीत दुसरा आला आणि मे २०२५ मध्ये त्याने सुपर कप जिंकला. भारतीय संघाने मार्केझ यांच्या कारकिर्दीत आठ सामन्यांत एकच विजय मिळविला, तोही मालदीववर; जूनमध्ये हाँगकाँगने हरविल्यावर त्यांचे पर्व संपले. प्रशिक्षकाची बुद्धी सोमवारी गोव्यात तल्लख आणि गुरुवारी राष्ट्रीय शिबिरात मंद होत नसते. गोव्यात रोज सकाळी तेच खेळाडू त्यांच्यासमोर असत. भारतीय संघाचे खेळाडू त्यांना सामन्यापूर्वी मोजके दिवस मिळत. त्यातील निम्मे प्रवासात आणि दुखण्याखुपण्यात जात. जागा बदलून पाहणे, चुका करू देणे, पुन्हा विश्वास देणे या गोष्टी आठवड्यात होत नाहीत. जमील यांच्यावर मडगावच्या पराभवानंतर झालेली टीका ही म्हणूनच अर्धीमुर्धी न्याय्य आहे. मात्र संघनिवड आणि डावपेच यांची जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही, हेही खरे.

शिवाय कोणत्याही प्रौढ संघाच्या प्रशिक्षकाला एक मर्यादा असते. चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणे, मान वर करून खेळणे, डाव्या पायाचाही वापर करणे या गोष्टी दहाव्या-बाराव्या वर्षी अंगवळणी पडाव्या लागतात. पंचविशीतल्या खेळाडूला त्या शिकविण्यासाठी इटलीहून माणूस आणणे म्हणजे पदवीच्या वर्गात मुळाक्षरे गिरवून घेणे होय. पुण्यात या कामाची सुरुवात झाली होती, हे आज कोणाला फारसे आठवत नाही. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने डेरिक परेरा यांना अनेक वर्षे प्रशिक्षकपदी ठेवले. २०१२-१३ मध्ये संघ आय-लीगचा उपविजेता ठरला. त्या क्लबाच्या अकादमीतून आलेला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ असे हरविणाऱ्या भारतीय संघात होता. पुणे एफसी मागे हटल्यावर ही अकादमी एफसी पुणे सिटीने २०१६ मध्ये आपल्याकडे घेतली. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ च्या एकाच हंगामापुरता टिकला. डीएसके शिवाजीयन्सने लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी थाटली, आणि २०१७ मध्ये तो क्लबही आय-लीगमधून नाहीसा झाला. वाधवान समूहाच्या गृहवित्त व्यवसायावर २०१८ च्या अखेरीस संकट कोसळले आणि पुढच्या वर्षी एफसी पुणे सिटीचे दिवे मालवले. पाच वर्षांत एका शहरातले चार क्लब गेले. यांपैकी कोणताही क्लब प्रशिक्षक वाईट होता म्हणून बुडाला नाही. मालकांच्या मूळ धंद्यात तोटा आला वा त्यांचा रस संपला की बुडाला, कारण तिकिटविक्री व प्रक्षेपणाच्या हिश्श्यावर क्लब चालावा इतके उत्पन्न कधीच नव्हते. सहा प्रशिक्षकांच्या नेमणुकांवर वर्तमानपत्रांचे जितके रकाने भरले, त्यांच्या निम्मे जरी या हिशेबासाठी खर्च झाले असते तरी बरे झाले असते. हैदराबादला गेलेली ती जागाही पुढे टिकली नाही. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलला.

पुण्याच्या त्या पाच वर्षांत खेळाडू घडलेच नाहीत, असे नव्हे. गोव्याचा आदिल खान हा एकेकाळचा होतकरू मध्यरक्षक अनेक वर्षे राष्ट्रीय संघाबाहेर पडून मोठ्या क्लबांच्या नजरेआड गेला होता. २०१७ मध्ये पुण्याने त्याला घेतले. पोपोविच यांनी त्याला मध्यफळीत नियमित खेळविले, आणि दोन हंगाम तो या संघात टिकला. प्रशिक्षकामागून प्रशिक्षक जात असताना त्याची जागा मात्र सुटली नाही, हे विशेष. २०१९ मध्ये त्याला भारतीय संघात पुन्हा बोलावणे आले. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला कोलकात्यात विश्वचषक पात्रता सामन्यात बांगलादेश एका गोलने पुढे होता, मिनिटे थोडी उरली होती, आणि एका कोपऱ्याच्या चेंडूवर आदिल खानने डोक्याने गोल करून भारताला बरोबरी साधून दिली. ज्या क्लबाने त्याला पुन्हा उभे केले, तो तेव्हा अस्तित्वात नव्हता.